खग्रास पाहायला घरगाडी

३ डिसेंबर २०२३, रविवार. नांदेड

अनघाचा फोन. रोजच्यापेक्षा लवकर, म्हणजे काहीतरी असणार. आहेच! तिसरा महिना. सुलूनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. आई-लेकीचं झाल्यावर उरलासुरला बाप.

उरल्यासुरल्यात दुसरी बातमी. एप्रिलच्या आठ तारखेला टेक्सासवरून खग्रास सूर्यग्रहण जाणार. ह्यूस्टनला, तिच्या घरून, खंडग्रासच दिसेल. पण चार-पाच तास गाडी हाणली की पूर्ण काळोख. ती आणि जावई शिवराज जाणार. "अप्पा, तुम्ही आणि आई पण. हॉटेलं आत्ताच भरलीयत. घरगाडी घेऊ भाड्यानं. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं." तोवर सातवा महिना लागलेला असणार. तिला सारखं उठावं लागतं, म्हणून संडास असलेली गाडीच हवी. पोरगी माझी, हिशेब बरोबर आहे.

सगळा जन्म अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. फळ्यावर किती सूर्य झाकले असतील. खरा एकही नाही. १९८० साली दहावीत होतो, जळकोटला. वडिलांनी दारं लावून आम्हा भावंडांना आत बसवलं. बाहेर कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या तेवढं ऐकलं.

आनंद झाला. नुसता आनंद मात्र नाही.

४ डिसें., सोम.

काल लिहायचं टाळलं ते लिहितो. मागच्या वर्षीच्या दिवाळीत अनघा सासरी लातूरला आली होती. पोटात होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रहण. ही काळा चष्मा लावून गच्चीवर. तीन आठवड्यांनी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कारण सापडेलच असं नाही.

शिवराजची आई, शांताअक्का, तोंडानं एक अक्षर बोलल्या नाहीत. गच्चीचं दार मात्र तेव्हापासून कुलुपात. शिवराजनंच सांगितलं होतं.

९ डिसें., शनि.

व्हिसा. मुलाखतीची तारीख मिळते ती ग्रहण होऊन, बाळंतपण होऊन, बाळ रांगायला लागल्यानंतरची. शिवराज म्हणतो रोज बघत राहा, मधली एखादी मोकळी होते. बघतो आहे. सकाळी उठलो की देवाआधी ते.

१७ डिसें., रवि.

गच्चीवर खडूनं घरगाडी आखली. शिवराजनं मापं पाठवली होती. दार, ओटा, संडास, मागं पलंग. सुलूला म्हटलं, जरा आडवी हो, सातव्या महिन्यातल्या बाईला कूस बदलता येते का बघू. सुलू म्हणाली, "मला सातवा लागून तीस वर्षं झाली, आता कुठं कूस बदलू?" तरी झाली आडवी. शेजारचे कुलकर्णी त्यांच्या गच्चीवर पापड काढायला आले आणि तसेच परत गेले.

जागा पुरते. संडासाचं दार मात्र पलंगाला अडकेल असं वाटतं. शि.ला कळवलं. तो म्हणाला, "मामा, ते सरकतं दार आहे." बरं.

२३ डिसें., शनि.

लातूरची बाजू शि.नं मिटवली म्हणतो. अक्कांनी पंचांग पाहिलं. "भारतात दिसणार नाही, पाळू नये" असं छापलं आहे. तेवढ्यावर त्या निवांत. भारतात दिसणार नाही म्हणजे त्यांच्या लेखी ग्रहण नाहीच. अमेरिकेत दिसणार, आणि सूनबाई ते दिसेल तिथं स्वतः गाडी घेऊन जाणार, हे कुणी सांगायचं नाही असं ठरलं. अ. म्हणाली, "खोटं नाही बोलत आपण अप्पा. नुसतं सांगत नाही."

मला पटलं नाही. पण माझं कोण विचारतंय? गप्प बसायचं एवढंच माझं काम. सोपं काम आहे.

११ जानेवारी २०२४, गुरु. वेळ अमावस्या

सोपं काम जमलं नाही.

अक्कांच्या शेतात गेलो होतो, औशाच्या अलीकडे. वेळ अमावस्येची शेतातली पूजा आणि जेवण, दरवर्षीचं बोलावणं. कडब्याची कोप, तिच्यात दगडांचे पाच पांडव, आंबिलीचा डेरा, भाज्यांची भज्जी, बाजरीचे गोल उंडे. पंधरा-वीस माणसं. सगळं छान चाललेलं. अक्कांच्या नणंदेची नात, आठवीतली, जवळ येऊन बसली. "सर, अमावस्येला चंद्र कुठं जातो?"

झालं. कुणी प्रश्न विचारला की मला राहवत नाही, हा माझा रोग. डेऱ्याचं झाकण सूर्य. उंडा चंद्र. पोरीचं डोकं पृथ्वी. उंडा मधे धरला आणि सावली कशी बारीक पडते, जगात एवढ्याशाच पट्ट्यात खग्रास का दिसतं ते सांगत सुटलो. चार-पाच मोठी माणसंही वळून बसली. मग तर काय, अंगात आलं. तिच्या कपाळावर बोट ठेवून म्हणालो, "आता एप्रिलमध्ये सावली ही इथून अशी जाणार. आपली अनघा घरगाडी उभी करणार ती बरोबर इथं."

मागं अक्का उभ्या होत्या. हातात भज्जीचं पातेलं.

"सर, ते तिकडं दिसणार हाय व्हय?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार, उंडा हातातच होता.

"आन् ती बगायला जाणार?"

सुलू पुढं झाली, विषय फिरवला. अक्कांनी सगळ्यांना भज्जी वाढली. मलाही वाढली, चार पळ्या. परतीच्या गाडीत सुलू नांदेडपर्यंत एवढंच म्हणाली, "उंडा खायचा असतो हो."

१३ जाने., शनि.

अ.चा फोन. रडली आधी, मग चिडली. "तुम्हाला वर्ग कुठंही दिसतो अप्पा." शि.ला आईनं फोन करून फक्त विचारलं, मला का सांगितलं न्हाई?

चूक माझी. सरळ सरळ माझी.

२१ जाने., रवि. लातूर

एकटाच आलो, एसटीनं. सुलू म्हणाली मी येत नाही, तुमचं तुम्ही निस्तरा.

गंजगोलाईजवळ अक्कांचं भांड्यांचं दुकान. शिवराजचे वडील वारल्यापासून त्याच बसतात. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला, चहा झाला. गिऱ्हाईक नव्हतं. वाटेत ठरवलेलं भाषण सुरू केलं. म्हणालो, अक्का, आपण लिंगवंत. गळ्यात लिंग आहे त्याला सुतक नाही, सोवळं नाही, ग्रहण नाही. आपल्याकडं हे केव्हाच सांगून झालंय.

अक्का स्टीलचे पेले पुसत होत्या. म्हणाल्या, "सुतक न्हाईच वो सर. भेव हाय."

पुढचं भाषण तिथंच संपलं.

मग त्याच बोलल्या. मागचं लेकरू गेलं तेव्हा सगळे अनघाला भेटायला आले. त्यांना कुणी विचारलं नाही. बाळासाठी लाल कुंची शिवून ठेवली होती, अजून पेटीत आहे. "मी तिला काय म्हनले न्हाई. तिच्या आईबापाला काय म्हनले न्हाई. म्हनायचं बी न्हाई मला. पर येवढं सांगा. तुम्ही शिकलेले हाव. काय झालं तर तुम्ही घेता का अंगावर?"

मी सांगायला लागलो की ग्रहणाचा आणि पोटाचा संबंध नाही, सूर्य झाकला म्हणजे...

"हाव म्हना, न्हाई तर न्हाई म्हना."

"घेतो," म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पेला जागेवर ठेवला. "मंग जाऊ द्या तिला."

२२ जाने., सोम. नांदेड

कशाची घेतली? गर्भाची जबाबदारी घेतो म्हणजे काय घेतो? बारावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं. 'काही होणारच नाही' म्हणायला हवं होतं. तेही खरं नाही. काहीही होऊ शकतं, ग्रहण असो नसो. आणि झालं तर ते ग्रहणाच्याच नावावर जाणार. अनघाच्या नावावर जाणार. जन्मभर.

सुलूला सांगितलं. म्हणाली, "बाई मोठ्या मनाच्या आहेत. तुम्हीच अडकलात."

१६ फेब्रु., शुक्र.

अ.ची तपासणी झाली. सगळं ठीक. बाळ पाय मारतं. फोन पोटाला लावला तिनं. मला काही ऐकू आलं नाही पण आलं म्हणालो.

घरगाडी ठरली. पांढरी, वर झोपायला कप्पा. पश्चिमेच्या टेकड्यांकडं जायचं. मी गेल्या काही वर्षांचं एप्रिलचं आभाळ काढलं, तिकडं ढग कमी. कुठं थांबायचं, कुठं डिझेल, कुठं दवाखाना, सगळं लिहून पाठवलं. शि. म्हणाला, "मामा, तुम्ही इथं असता तर मीच मागं झोपलो असतो."

व्हिसाची तारीख हलेना. आता सकाळी देव आधी.

८ मार्च, शुक्र. महाशिवरात्र

अक्कांचा फोन, सुलूला. उपवास, मंदिर, गर्दी. शेवटी, "सरांना सांगा, मी नवस बोलले न्हाई. त्येंना आवडणार न्हाई म्हनून." सुलू हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे मी लिहिलं? लिहिलं.

२४ मार्च, रवि.

अ. आज एकटीच होती. "अप्पा, एक विचारू? तुम्ही नको म्हणा, मी नाही जाणार. शिवालाही नाही वाईट वाटणार."

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"ती म्हणते जा. तासातासानं उतर, चाल, पाणी पी. तिचं मला माहितीय. तुमचं विचारून राहिले."

किती सोपं होतं. नको म्हणायचं. ती घरी बसली असती, खिडकीतून खंडग्रास बघितलं असतं, सगळे सुटलो असतो. मी तर आधी सुटलो असतो. पण मग मी तिला लहानपणापासून जे जे सांगितलं त्याचं काय? आणि ती आत्ताच घाबरली आहे, मी नको म्हटलं की गच्चीवरची ती संध्याकाळ खरी होऊन बसेल तिच्यासाठी. मागचं लेकरू आपणच घालवलं असं वाटेल.

"जा," म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला आणि वाटेतल्या दवाखान्यांची यादी पुन्हा काढून बसलो.

५ एप्रिल, शुक्र.

ढग! टेकड्यांकडं ढगच ढग दाखवतायत, सोमवारी दुपारीच. गेल्या कित्येक वर्षांचं आभाळ काढलं होतं मी. आभाळाला ते माहीत नाही.

शि. शांत. "दिसलं तर दिसलं मामा." याला काय कळतंय. एवढं करून ढगाखाली उभं राहायचं?

६ एप्रिल, शनि.

दिवसभर हवामान बघतो आहे. ईशान्येला, शेजारच्या आर्कान्सा राज्यात, स्वच्छ. शि.ला म्हटलं तिकडं वळा. तो म्हणाला रस्ता खूप वाढतो मामा, दुप्पट नाही पण बराच. आणि येताना सगळं टेक्सास त्याच रस्त्यावर असणार. मी म्हटलं, पलंग आहे ना गाडीत? मग?

अ. म्हणाली, "अप्पा म्हणतायत तर जाऊ."

सुलूनं ऐकलं. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "ढग तिच्या पोटापेक्षा मोठे झाले का?" रागानं गच्चीवर जाऊन बसलो. खडू पुसला गेला आहे, कडा तेवढ्या दिसतात.

७ एप्रिल, रवि.

निघाले. फोटो आला. अ. घरगाडीच्या पायरीवर, पोट पुढं, हातात सफरचंद, डोळ्यांवर ग्रहणाचा चष्मा. फार सुंदर दिसते. आईसारखी.

८ एप्रिल, सोम. सोमवती अमावस्या

आर्कान्साच्या हद्दीत पोचले. एका शेतात शेकडो गाड्या लावल्या आहेत, मेळ्यासारख्या. आभाळ निळं. शि.नं फोन फिरवून दाखवलं. एक ढग नाही. माझं बरोबर निघालं. सुलूला दोनदा सांगितलं.

आपल्याकडं मध्यरात्र होईल तेव्हा तिकडं काळोख. जागायचं ठरलं आहे.

संध्याकाळी दिवेलागण झाली. सुलू उद्याच्या पाडव्याची तयारी करत होती. विळीवर कैरी चिरत होती, आंबेडाळीसाठी. मी टीव्ही बघत होतो. बघत नव्हतो. कचकच ऐकू येत होती फक्त.

"ती विळी बाजूला ठेव."

सुलूनं वर पाहिलं. "काय?"

"ठेव म्हणतो ना."

"अहो, तिकडं आत्ता सकाळ झालीय. अजून लागलंही नाही. आणि चिरते मी आहे, ती नाही."

सगळं बरोबर. एकूण एक मुद्दा बरोबर. तरी मी उठलो आणि विळी मिटून शेल्फावर ठेवली. सुलूनं काही थट्टा केली नाही. केली असती तर बरं होतं. कैरी तशीच अर्धी राहिली. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली, आणि मग दोघांनी कशालाच हात लावला नाही.

मुलांना काय काय शिकवलं मी. लाज वाटते. भीती जास्त वाटते.

९ एप्रिल, मंगळ. पाडवा

रात्री काळोख व्हायच्या थोडं आधी फोन लागला होता. लोक ओरडत होते, कुठंतरी कुत्रं. "अप्पा, उजेड बघा कसा झालाय." मग चित्र थांबलं, तिचं तोंड अर्धं उघडं. मग काहीच नाही. तिथं सगळे एकदमच फोन लावत असणार, कळतं मला. पहाटे शि.चा संदेश, 'दिसलं. निघालो. खूप गर्दी.' झोपलो.

आठ वाजता गुढी उभी केली. कडुनिंब, गाठी, सुलूची जुनी पैठणी. सुलूनं नमस्कार केला. मी पण केला, जरा जास्त वेळ.

नऊच्या सुमारास शि.चा फोन. आवाज वेगळा. मामा, घाबरू नका. (असं म्हणून कोण घाबरायचं थांबलंय?) वाटेत सगळा रस्ता तुंबला, तासन्‌तास एका जागी. दुपारपासून बाळ हललं नाही असं अनघाला वाटतंय. कदाचित ती दमलीय म्हणून लक्षात आलं नसेल. वाटेतल्या एका लहान गावात दवाखाना दिसला तिथं आणलंय. मशीन लावतायत. तिला आत नेलंय, मला बाहेर थांबवलंय. कळलं की मामींच्या फोनवर करतो.

रस्ता मी वाढवला होता.

सुलूनं तिचा फोन दोन्ही हातांत धरला आणि गुढीखालीच बसली.

पाच मिनिटांत माझा वाजला. अक्का. "शरणार्थ सर. पाडव्याच्या शुभेच्छा. काल झालं न्हवं नीट? अनघा कशी हाय?"

बरी आहे म्हणता आलं असतं. दोन शब्द. नंतर काय ते नंतर. पण अंगावर घेतो म्हणालो होतो, आणि अंगावर घेण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच एक होतं, खरं सांगणं. सगळं सांगितलं. ढग, आर्कान्सा, मी वळवलेली गाडी, तुंबलेला रस्ता, मशीन. म्हणालो, अक्का, माझ्यामुळं.

दुकान बंद असणार आज, भांड्यांचा आवाज नव्हता. मी वाट बघत होतो. जे काय म्हणायचं ते म्हणा एकदा, दीड वर्षाचं.

"सर."

"हं."

"गिरानाचं काय बोलू नका आता. तुमचं बी न्हाई, माझं बी न्हाई. पोरगी एकटी हाय तितं." मग, "फोन ठिऊ नका. चालू ऱ्हाऊ द्या. मी बसते हितंच."

फोन टेबलावर ठेवलाय, आवाज मोठा करून. दहा वाजून गेले. मधूनच 'शिवा शिवा' ऐकू येतं, ते देवाला की पोराला कळत नाही. एकदा त्यांच्या बाजूला दारावर कुणीतरी गाठी घेऊन आलं, त्यांनी "मागनं या" म्हणून परत पाठवलं.

हात मोकळे राहवत नाहीत म्हणून हे लिहितो आहे. सुलूच्या मांडीवर तिचा फोन आहे. अजून वाजला नाही.